होडीच्या रंगावरचा चीक आणि डिंक काढणे: मे महिन्यातल्या नोंदी

होडी २४ फुटी, फायबरची, आउटबोर्ड इंजिनाची. जागा देवगड तालुक्यात खाडीकाठची हापूसची बाग, बांधावर एक फणस. इंजिन बसतं त्या मागच्या फळीच्या दुरुस्तीसाठी होडी जानेवारीत वर ओढली आणि उन्हाळाभर कलमांखालीच राहिली. बाहेरच्या अंगाला टू-पॅक पीयू रंग (दोन डब्यांतले घटक मिसळून लावायचा पॉलियुरेथेन), पांढरा, वर निळा पट्टा. काठाच्या पट्ट्या आणि बसायच्या फळ्या लाकडी, त्यांना सिंथेटिक इनॅमल. पाण्याखालच्या भागाला अँटिफाउलिंग, म्हणजे शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून द्यायचा रंग. नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, आयएनडी-एमएचने सुरू होणारा नोंदणी क्रमांक, तो पीयूवर इनॅमलने हाताने लिहिलेला.

१ जूनपासून मासेमारी बंदी. त्याआधी होडी पावसाळ्यासाठी झाकायची असते. चीक तसाच ठेवून झाकली तर वरचं प्लास्टिक त्याला चिकटतं, दमट हवेत त्यावर बुरशी धरते आणि ऑगस्टमध्ये प्लास्टिक ओढताना रंगाचे पापुद्रे सोबत येतात. म्हणून हे काम मे महिन्यातच उरकायला हवं.

२ मे

आज फक्त पाहणी. झाडाखालच्या होडीवर जे काही चिकट असतं त्याला सगळे सरसकट ‘चीक’ म्हणतात आणि एकच औषध शोधतात. काम बिघडतं ते तिथेच. या होडीवर चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि एकीला जे विरघळवतं ते दुसरीला घट्ट करतं.

पहिली, सगळीकडे पसरलेला पातळ चिकट थर आणि त्यावरची काळी काजळी. हा झाडाचा रस नाहीच. मोहोराच्या दिवसांत तुडतुडे मोहोराचा रस शोषतात आणि साखरेचा पाक बाहेर टाकतात. तो खाली ठिबकतो आणि त्यावर काळी बुरशी वाढते.

दुसरी, फांद्यांच्या जखमांतून गळलेला आंब्याचा डिंक. पिवळे-तपकिरी, काचेसारखे चमकणारे गोळे, नखाने दाबल्यावर तुटतात.

तिसरी, आंब्याच्या देठाचा चीक. फळ देठापासून तुटलं की उडतो तोच. ताजा असताना पाण्यासारखा, वाळल्यावर तपकिरी ओघळ. यातला तेलकट भाग तिखट असतो. तो फळाची साल जाळतो, हातांची कातडी जाळतो आणि कच्च्या रंगालाही सोडत नाही.

चौथी, फणसाचा चीक. बांधाकडच्या बाजूला नाळेजवळ पांढरट, आता मळकट झालेले रबरासारखे ठिपके. ताणले तर लांबतात.

ओळखायची सोपी तपासणी: ठिपक्यावर पाण्याचे दोन-चार थेंब टाकून वर पाच मिनिटं ओला बोळा ठेवा. विरघळला तर तुडतुड्यांचा चिकटा. फुगून जेलीसारखा झाला तर डिंक. काहीच झालं नाही आणि बोटाला ताणतो तर फणस. काहीच झालं नाही, कडक आहे आणि भोवती पिवळट कडं आहे, तर देठाचा चीक.

३ मे

चिकाआधी रंगाची तपासणी. कोणता रंग कुठे आहे हे नक्की माहीत असल्याशिवाय कुठल्याही बाटलीचं झाकण उघडू नये. रंगारी बदलतात, मधल्या डागडुजीत हाताशी असेल तो डबा वापरला जातो आणि ‘सगळी पीयू आहे’ असं सांगितलेल्या होडीवर हमखास चार-सहा ठिकाणी इनॅमल निघतं.

पद्धत: न दिसणाऱ्या जागी एनसी थिनरचा (रंग पातळ करायच्या जहाल द्रावकाचा) बोळा अर्धा मिनिट धरायचा, हलकं पुसायचं, मग दहा मिनिटं थांबून पाहायचं. बोळ्याला रंग लागला किंवा पृष्ठभागावर सुरकुत्या आल्या तर एकाच डब्यातला रंग, म्हणजे इनॅमल किंवा तत्सम. काहीच झालं नाही तर टू-पॅक. दहा मिनिटं थांबणं महत्त्वाचं, कारण जुनं वाळलेलं इनॅमल लगेच रंग सोडत नाही, नंतर उचललं जातं.

निकाल: अंगाला पीयूच आहे. फळीच्या खालच्या बाजूच्या इनॅमलला थोड्याच वेळात सुरकुत्या आल्या. निळ्या पट्ट्याचा मागच्या टोकाकडचा हातभर तुकडाही इनॅमल निघाला, जुनी डागडुजी असणार. तिथे खडूने फुली मारून ठेवली.

यावरून ठरलं: एनसी थिनर आणि अ‍ॅसिटोन या कामात अजिबात नाही. पीयूला ती झटपट पुसण्यापुरती चालली असती, पण एक ओघळ पट्ट्यावर किंवा क्रमांकावर गेला की रंगाऱ्याला बोलवावं लागेल.

खरेदी, जवळच्या बाजारभावाने साधारण: आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल १ लिटर २५० रुपये, टर्पेंटाइन १ लिटर १६० रुपये, वॉटर पेपर म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर (३२०, १५०० आणि २००० नंबरचा; नंबर जितका मोठा तितका बारीक) मिळून १५० रुपये, रबिंग कंपाऊंडचा (रंग घासून चकाकी आणायच्या लेपाचा) छोटा डबा २०० रुपये, मास्किंग टेप ६० रुपये, नायट्राइलचे हातमोजे १५० रुपये. भांडी घासायचं लिक्विड, खोबरेल, जुनी सुती धोतरं आणि प्लास्टिकच्या पट्ट्या घरच्याच. मेणाचं पॉलिश आधीचं शिल्लक होतं.

४ मे

धुणं. पाणी विहिरीचं. खाडीचं पाणी वापरू नये: साबण फाटतो आणि वाळलेलं मीठ पुढच्या प्रत्येक पुसण्यात कानसेचं काम करतं.

बागेत मोहोरावर कीटकनाशकाच्या फवारण्या झालेल्या असतात आणि त्यांचा अंश होडीवरही बसतो. म्हणून पहिलं धुणंसुद्धा हातमोजे घालूनच करावं, आणि ते पाणी विहिरीकडे जाऊ देऊ नये.

१० लिटर कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे ३-४ मोठे चमचे. आधी नुसतं पाणी ओतून धूळ-वाळू उतरवायची, मग साबणपाणी लावून दहा मिनिटं भिजू द्यायचं, मग मऊ ब्रशने वरून खाली. एका वेळी चार-पाच फुटांचाच टप्पा, नाहीतर साबण वाळतो. काथ्या, हिरवा स्क्रबर आणि तारेची घासणी यातलं काहीच वापरू नये. त्यांनी काजळी झटकन निघते, पण रंगाची चकाकीही त्याच झटक्यात जाते.

निम्म्याहून अधिक काम एवढ्यावरच झालं. पाक पूर्ण गेला, काजळीही गेली. फळ्यांच्या सांध्यांत आणि दोरी बांधायच्या खुंट्यांच्या बुडाशी काळं राहिलं. तिथे घरगुती ब्लीच, एक भाग ब्लीचला वीस भाग पाणी, पाच मिनिटं ठेवून भरपूर पाण्याने धुतलं. ब्लीच इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या भागांना लागू देऊ नये, आणि संडास साफ करायच्या अ‍ॅसिडबरोबर तर कधीच मिसळू नये, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

५ मे

डिंक. याच टप्प्यावर लोक सर्वांत जास्त चुकतात, म्हणून सविस्तर.

एका गोळ्यावर आयपीए लावून पाहिलं. गोळा विरघळला नाही, उलट वरून पांढरट आणि टणक झाला. कारण साधं आहे. डिंक पाण्यात फुगणारा पदार्थ आहे आणि अल्कोहोल त्यातलं पाणी ओढून घेतं. पाइनसारख्या झाडांची राळ अल्कोहोलने आणि टर्पेंटाइनने विरघळते, आणि ‘सॅप’ काढायच्या बाहेरच्या बाटल्या त्या राळेसाठी बनवलेल्या असतात. आपल्याकडच्या आंबा-काजूच्या डिंकावर त्या उपयोगाच्या नाहीत.

प्लास्टिकच्या पट्टीने सुका गोळा टचकन उडवायचा प्रयोगही एका ठिकाणी केला. गोळा निघाला, पण नखाएवढा रंगाचा टवका घेऊन. सुका डिंक रंगाला इतका घट्ट धरतो की रंग खालच्या थरापासून आधी सुटतो.

जमलेली पद्धत: जुन्या धोतराचा चौपदरी तुकडा कोमट पाण्यात भिजवून गोळ्यावर ठेवायचा, वर प्लास्टिकची पिशवी, चारी कडा मास्किंग टेपने बंद. पाऊण तास. उभ्या अंगावर कापड घसरतं, म्हणून टेप आधी कोरड्या जागी नीट दाबावा. पाऊण तासाने डिंक जेली होतो, पट्टी आडवी सरकवली की सालीसारखा निघतो. मोठ्या गोळ्यांना तेच दोनदा करावं लागलं, कारण पाणी आतपर्यंत जायला वेळ लागतो. पाणी कोमटच हवं, ५० अंशांच्या आसपास. उकळतं नको. हीट गन तर नकोच, गरम होऊन डिंक भाजतो आणि खालचा रंग मऊ पडतो.

एका वेळी सात-आठ ओली कापडं लावून ठेवली आणि क्रमाने काढत गेलो की थांबण्यात वेळ जात नाही. तरी अख्खा दिवस यातच गेला.

६ मे

सकाळचे नऊ वाजले की थांबलो. उन्हात होडीचं अंग हाताला चटका देतं, विशेषतः निळा पट्टा. द्रावक टाकला की पुसायच्या आत उडून जातो आणि सुटलेला चीक पातळ होऊन वीतभर पसरतो. देठाच्या चिकाच्या एका ओघळाचं असंच झालं, बोटभर डागाचा तळहाताएवढा पिवळा पट्टा झाला. इथून पुढची सगळी द्रावकांची कामं पहाटे साडेसहा ते नऊ, किंवा संध्याकाळी अंग गार झाल्यावर.

७ मे

फणस. आयपीएने चीक नुसता लिबलिबीत होऊन पसरतो. टर्पेंटाइनने मऊ होतो पण तारा सुटतात आणि त्या तारा शेजारच्या कोरड्या जागेवर बसतात. फणस फोडताना हाताला आणि सुरीला तेल लावतात, तोच उपाय रंगावरही सर्वांत सुरक्षित. ठिपक्यावर खोबरेल चोळायचं, वीस मिनिटं थांबायचं, मग सुती कापडाने कडेकडून मध्याकडे गोल चोळत आणायचं. चिकाच्या वळ्या होतात आणि त्या उचलता येतात. कापड सतत बदलायचं, भरलेलं कापड चीक परत तिथेच लावतं.

जेट्टीवरचा बर्फही वापरून पाहिला, पिशवीत घालून ठिपक्यावर पाच-सात मिनिटं. फणसाचा चीक बर्फाने ठिसूळ होत नाही, पण त्याचा चिकटपणा तेवढ्यापुरता कमी होतो आणि जाड ठिपक्याचा वरचा भाग पट्टीने उचलता येतो. बाकीच्याला तेल लागलंच. जाड ठिपके असतील तरच बर्फाची खटपट करावी.

डिझेल लावा असं बंदरावर कुणीही सांगेल, आणि डिझेलने चीक निघतोही. पण त्याचा तेलकट थर साबणाने सहज जात नाही, लाकडाच्या सांध्यांत मुरतो आणि वर रंग धरत नाही. पेट्रोलचं नाव काढू नये. उघड्या होडीत, टाकीशेजारी, पेट्रोलने भिजलेली चिंधी म्हणजे आग लावायची तयारी.

पीयूवरचं तेल साबणपाण्याने दोनदा धुतलं, मग आयपीएने पुसलं. पाण्याचा थेंब टाकला की तो सरळ पसरायला हवा. गोल मणी होऊन बसला तर तेल अजून आहे.

९ मे

देठाचा चीक, पीयूवर. पहाटे. नोंदणी क्रमांकाला आणि निळ्या पट्ट्यातल्या खुणेच्या तुकड्याला आधी टेप आणि प्लास्टिक लावून झाकलं.

कापड आयपीएने ओलं करायचं, ठिबकेल इतकं नाही. ओघळावर अर्धा मिनिट दाबून धरायचं आणि एकाच दिशेने पुसायचं, मागे-पुढे नाही. लगेच दुसऱ्या, साबणपाण्याच्या कापडाने तीच जागा. वरचा कडक थर अशा तीन-चार फेऱ्यांत निघतो. ज्यांना आयपीए पुरला नाही त्यांना टर्पेंटाइन, तसंच थोडं, आणि नंतर साबण.

थर गेला तरी पिवळट डाग राहतो. चिकातली द्रव्यं हवेने तपकिरी होऊन रंगाच्या वरच्या थरात उतरलेली असतात, द्रावकाने ती बाहेर येत नाहीत. आधी कंपाऊंड: मऊ कापडावर वाटाण्याएवढं घेऊन, हलका दाब, गोल हात. नवे डाग यातच गेले.

१० मे

जुन्या डागांना वॉटर पेपर. १५०० नंबरचा, दहा मिनिटं पाण्यात भिजवलेला, रबरी ठोकळ्यावर गुंडाळून, पाण्यात साबणाचा थेंब. डागापुरते आठ-दहा हात, पुसून पाहायचं, मग परत. त्यानंतर २०००, मग कंपाऊंड. पीयूचे दोन थर मिळून साधारण १०० मायक्रॉनचे असतात, म्हणजे खेळायला जागा फार नाही. नाळेची धार, काठाचा कोपरा, कुठलीही कड इथे वॉटर पेपर लावूच नये. कडेवर रंग आधीच पातळ बसलेला असतो आणि चार हातांत खालचा प्रायमर दिसू लागतो. नाळेच्या धारेवरचा एक डाग म्हणून तसाच ठेवला. तो दिसतो, पण रंग शाबूत आहे, आणि पाण्यात जाणाऱ्या होडीला शाबूत रंग जास्त गरजेचा.

१२ मे

लाकडी फळ्या, इनॅमल. इथे आयपीएसुद्धा जपून. जुन्या, पक्क्या वाळलेल्या इनॅमलला झटपट पुसणं चालतं. फळ्यांना मात्र डिसेंबरमध्ये नवा हात दिलेला, तो आयपीएने मऊ पडू लागला. म्हणून फक्त टर्पेंटाइन, ओलसर कापडाने, आणि लगेच साबणपाणी.

तीन जागी देठाच्या चिकाने इनॅमल खरंच खाल्लेलं आहे. कडं उचललेलं, मध्ये सुरकुत्या. याला साफसफाईचा उपाय नाही. ३२० च्या पेपरने घासून, कडा उतरत्या करून, पुन्हा रंगवायचं.

लाकडी होडीवर हे काम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. आतल्या अंगाचा काळपट चिकट थर आणि सांध्यांतून उन्हात पाझरणारा डांबरासारखा पदार्थ हा झाडाचा चीक नव्हे. ते मुद्दाम दिलेलं तेल आणि सांध्यांत भरलेली राळ आहे. ती काढली तर होडी पाणी घेईल.

१४ मे

घासलेल्या जागांना इनॅमलचा हात दिला. तासाभरात नाळेकडच्या फळीवर रंग फाटला: टाचणीच्या डोक्याएवढे खळगे, मध्ये खालचं लाकूड उघडं. ही जागा फणसाच्या ठिपक्याशेजारची. त्या दिवशीचं खोबरेल लाकडाच्या रेषांत उतरलं होतं, आणि पाण्याच्या थेंबाची तपासणी फक्त पीयूवर झाली होती, फळीवर नाही.

फाटलेला रंग वाळायची वाट पाहू नये. ओला असतानाच टर्पेंटाइनने पूर्ण पुसून काढला, फळी साबणपाण्याने धुतली, उन्हात वाळवली.

१५ मे

फळी परत टर्पेंटाइनने पुसली, प्रत्येक पुसण्याला कोरं कापड. ३२० ने घासलं. पाण्याचा थेंब सपाट पसरला तेव्हाच रंगाला हात घातला. क्रम असाच ठेवावा: आधी तेल काढा, मग घासा. उलट केलं तर पेपर तेल लाकडात खोल दाबतो.

१७ मे

नवा हात नीट बसला. हवेत दमटपणा वाढलाय, चोवीस तासांत वाळणारं इनॅमल दोन दिवस बोटाला लागत होतं. वळवाची सर येऊन गेली, पण फळ्यांवर आडोसा होता. हेच काम एप्रिलमध्ये केलं तर वाळण्याची चिंता नसते.

अँटिफाउलिंगवर पडलेले डिंकाचे गोळे ओलं कापड ठेवून उचलले, बाकी काही केलं नाही. त्या रंगाला द्रावक लावला तर तो स्वतःच विरघळून हातात येतो, आणि कोरडं घासलं तर तांब्याची विषारी धूळ उडते. पाण्यात उतरण्यापूर्वी त्याला नवा हात लागणारच आहे. उचललेला डिंक, चिंध्या आणि खाली अंथरलेलं प्लास्टिक गोळा केलं, खाडीत काही जाऊ दिलं नाही. द्रावकाच्या चिंध्या गोळा करून कोंबून ठेवू नयेत, सावलीत पसरून वाळवाव्यात.

१९ मे

मेणाचं पॉलिश, पूर्ण पीयूवर, दोन पातळ थर. पुढच्या वेळचा चीक मेणावर बसतो आणि कोमट साबणपाण्याने मेणासकट निघतो. इनॅमलला मेण आत्ता नाही, महिनाभर तरी ते पक्कं होऊ द्यावं.

खर्च खरेदीच्या यादीपेक्षा फारसा वाढला नाही, इनॅमलचा छोटा डबा आणि ब्रश तेवढा वरचा. मजुरी धरली नाही. सर्वांत जास्त वेळ डिंक भिजवण्यात आणि त्या एका फाटलेल्या फळीत गेला.

२४ मे

होडी कलमांखालून काढून माडांपासूनही दूर, मोकळ्या खळ्यात नेली. वर बांबूचं आडं, त्यावर ताडपत्री, त्यावर माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप. ताडपत्री कुठेही रंगाला टेकत नाही, काठापासून वीतभर वर आहे आणि दोन्ही टोकं वाऱ्यासाठी उघडी. दोऱ्या जमिनीतल्या खुंट्यांना बांधल्या, होडीच्या खुंट्यांना नाही. वाऱ्याने ताडपत्री हलली की दोरी रंगावर घासते, आणि निळ्या पट्ट्याची जुनी डागडुजी नेमकी त्याच जागी झालेली होती.